आक्कांची छिन्नी

रुपया जिभेला लावून बघणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि तीही खोली भाड्यानं मागायला गेले त्याच दिवशी. सोलापुरात साखर पेठेतल्या त्या घराच्या ओसरीवर आक्का पाय पसरून बसल्या होत्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, पुढ्यात शहाबादी फरशीचा एक तुकडा आणि जिभेच्या टोकावर राणीछाप रुपया. मी सांगलीहून आलेली, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नव्यानं लागलेली मुलगी. मला वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय, दुसरी खोली बघावी. तेवढ्यात त्यांनी रुपया काढून पदराला पुसला आणि मला म्हणाल्या, "बोल."

"इथे खोली रिकामी आहे असं कळलं..."

"खोलीचं ऱ्हाऊ दे. मोठ्यानं बोल. तुजं नाव, गाव, आई-बाप काय करत्यात, समदं सांग."

मी भर रस्त्याकडच्या ओसरीवर उभी राहून शाळेतल्या कवितेसारखं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. आक्का मान कलती करून, डोळे मिटून ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "बद्द वाजत न्हाय. ऱ्हा तंगी." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त एवढंच समजले की या बाईंनी मला वाजवून घेतलंय.

पुढे तीन-साडेतीन वर्षं मी त्या घरात राहिले आणि त्यातला बराचसा काळ तोंडाचा आ वासूनच राहिले असं म्हटलं तरी चालेल.

आक्का जुन्या लिंगायत सराफ घराण्यातल्या. नवरा लवकर गेला. दुकान दिरांनी घेतलं आणि कान तेवढा आपल्याकडे राहिला, असं त्या स्वतःच सांगत. लग्न होऊन आल्यापासून त्या दुकानामागच्या खोलीत बसून रुपयांचा आवाज ऐकत आल्या होत्या. त्यामुळे कंपनीचा रुपया, राणीचा रुपया, पंचम जॉर्जचा, सहाव्या जॉर्जचा, कुठलाही आणा, आक्का तो फरशीवर टाकत, कान देत, जिभेला लावत, कडेवरून नख फिरवत आणि निकाल देत. त्या सुमाराला दुष्काळ नुकताच सरला होता. दुष्काळात लोकांनी पेट्यांच्या तळाची चांदी बाहेर काढली होती. तिच्यात एखादं दुर्मिळ नाणं सापडतंय का हे बघायला पुण्या-मुंबईचे शौकीन सोलापुरात चकरा मारू लागले होते, आणि शौकीन आले की त्यांच्या मागोमाग खोटी नाणी करणारे येणारच.

निकाल देण्याची आक्कांची पद्धत सगळ्या बाजाराला माहीत होती. नाणं खरं असलं की त्या अवाक्षर बोलत नसत. गुपचूप ते आणणाऱ्याच्या तळहातावर ठेवत आणि दुसऱ्या विषयावर जात. खोटं असलं की मात्र "सुळ्ळु!" असं ओरडत. सुळ्ळु म्हणजे कानडीत खोटं. ते ओरडणं कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जाई. आणि तो माणूस "असं कसं, आक्का" म्हणेपर्यंत मांडीखालची छिन्नी बाहेर आलेली असे. नाणं फरशीवर, छिन्नी राजाच्या गालावर आणि हातोडीचा एक घाव. "माज्या उंबऱ्यातनं खोटं नाणं साबूत भायेर जात न्हाय," असं वर ऐकवत. चिरलेलं नाणं मग कुणी दारात उभं करत नसे. 'आक्काचा घाव' पडलाय म्हटलं की सराफ कट्ट्यापासून अक्कलकोटपर्यंत कुणी पुढचं विचारायचंही नाही.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी चक्क किंचाळले होते. पूर्व भागातला एक म्हातारा विणकर होता, त्यानं गड्ड्याच्या जत्रेत हौसेनं कंपनीचा रुपया घेतला होता. आक्कांनी तो चिरला तेव्हा म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. आक्का भडकल्या. "रडायला काय झालं? तुमी केला व्हय खोटा? न्हाय न्हवं? मग बसा जेवायला." आणि त्या माणसाला त्यांनी अक्षरशः दटावून कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही वाढलं. रागानं जेवू घालणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. तो बिचारा मुकाट्यानं जेवला आणि जाताना नमस्कार करून गेला.

माणसाला लागेल, बोचेल, हा विचार आक्कांच्या मनात येतच नसे. एका लग्नात मी त्यांच्यासोबत गेले होते, ते शेवटचं. नवरीच्या मामानं चांदीचं ताट आणि वाट्या मांडल्या होत्या, बायका कौतुक करत होत्या. आक्कांनी वाकून एका वाटीला टिचकी मारली आणि भर मांडवात जाहीर केलं, "जर्मन!" म्हणजे चांदी नव्हे, जर्मन सिल्व्हर. सनई वाजत होती म्हणून निदान मागच्या रांगांना ऐकू गेलं नाही. मामाचा चेहरा मला अजून दिसतो. घरी आल्यावर मी म्हटलं, "आक्का, तुम्ही लग्नात कशाला बोललात हो? त्या नवरीला सासरी किती ऐकून घ्यावं लागेल!"

"म्या कुटं बोलले? वाटी बोलली. म्या नुसतं ऐकून सांगितलं."

मी रागारागानं जिना चढून माझ्या खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर भरली वांगी पाठवली, पण चूक काही कबूल केली नाही.

आक्कांचा खरा सोहळा असायचा तो नाणं चिरल्यानंतरचा. चिरलेलं नाणं हातात धरून त्या ओसरीवर जमलेल्या मंडळींना ते कुठं फसलंय ते समजावून सांगत. ऐकायला गल्लीतले रिकामटेकडे असत, शेजारच्या बायका असत, आणि मंगळवार पेठेतले एक चांदीवाले तर न चुकता येत. फार अदबीचा माणूस. येताना आक्कांसाठी विड्याची पानं आणायचे, छिन्नीची धार गेली की आपल्या दुकानातून लावून आणायचे, आणि आक्का बोलू लागल्या की मान डोलवत ऐकायचे. "आक्का, ह्ये इद्या तुमच्यासंगट जायाला नगो," असं म्हणायचे. आक्का खूश होऊन आणखी दोन गोष्टी सांगायच्या.

आणि मग ते एकोणचाळीस सालचे रुपये येऊ लागले.

सहाव्या जॉर्जचा त्या सालचा रुपया फार थोडा बाहेर पडलेला, म्हणून शौकीन त्याच्यावर जीव टाकत. पहिला आला तो आक्कांनी नुसता फरशीवर टाकला आणि हसल्या. "शिशाचा वास येतुया. आवाज तर बघा, मडक्यावानी." चिरला. काही आठवड्यांनी दुसरा आला. त्याचा आवाज चांगला होता, चांदीही बरी होती. आक्कांनी कडेवरून नख फिरवलं. "कडंच्या रेघा कानशीनं मारल्यात. एक जाड, एक बारीक." चिरला. त्यानंतरच्या रुपयाची कड सुरेख होती, पण राजाच्या चेहऱ्यावर घामोळ्यासारख्या बारीक पुळ्या होत्या. "वतीव काम. साच्यातनं काढलं की ह्ये असं हुतंय." त्याच्या पुढच्यावर पुळ्याही नव्हत्या. तो मात्र चिरल्यावर आत भुसभुशीत निघाला, मुंग्यांनी पोखरल्यासारखी भोकं होती. खऱ्या नाण्यावर ठसा मारलेला असतो, ते आतून घट्ट असतं; ओतलेलं असं निघतं, हे आक्कांनी तेव्हाही सगळ्यांना फोडून सांगितलंच.

त्या सगळ्या रुपयांत एक गोष्ट सारखी होती. राजाच्या कानामागं, मुकुटाच्या खाली, सुईचं टोक टेकवावं एवढा एक खड्डा. आक्कांनी ते चिरलेले रुपये ओळीनं मांडून मला दाखवले. "तंगी, एकाच साच्यातले हायत बग. आन् साचा काय आभाळातनं पडत न्हाय. कुटंतरी ह्येंची आई हाय. खरा रुपया. त्येच्या कानामागं पयला ह्यो खड्डा पडला, मग समद्या पिल्लांस्नी पडला."

मग आक्कांनी त्या आईचा पिच्छा धरला. चिरलेले रुपये ज्यांनी आणले होते त्यांच्या घरी गेल्या, कुणाकडून घेतले ते विचारलं. एक जेऊरच्या बाजारात घेतलेला, एक मोडनिंबच्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीत एका अनोळखी माणसानं विकलेला. एसटीनं उन्हातान्हात फिरून आल्या, पण धागा हाती लागेना. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता त्या मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "आवाजाचं बोलले तर आवाज सुदारला. कडंचं बोलले तर कड सुदारली. तंगी, ह्यो माणूस माज्या वसरीवर बसतोय."

त्या दिवसापासून आक्का ओसरीवरच्या एकेकाचं तोंड न्याहाळू लागल्या. बोलायच्या मात्र तशाच. नाणं चिरल्यावर गप्प बसणं त्यांना जमणारच नव्हतं.

तो रविवार होता, मला सुट्टी होती. दुपारी जेवणं उरकल्यावर वळसंगहून एक शेतकरी आणि त्याची मुलगी आली. मुलगी विशीच्या आतली, हिरवा चुडा अजून नवा, काखेत कपड्यांचं बोचकं. बापानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली. मुलीला मोडनिंबला दिली होती. लग्नात त्यानं जावयाच्या हातावर घरातला जपलेला एकोणचाळीस सालचा रुपया ठेवला होता. मुलीच्या आज्यानं तो देवाजवळ ठेवलेला, दुष्काळातही कुणी हात लावला नव्हता. आता मोडनिंबला कुणीतरी सासूला सांगितलं की कानामागं खड्डा असलेला त्या सालचा रुपया खोटा असतो. सासूनं बघितलं, तर खड्डा होताच. "बापानं मांडवात खोटं दिलं, त्या घरची पोरगी आमाला नगो," म्हणून रुपया आणि मुलगी दोन्ही परत धाडली.

"तुमी खरा म्हनला तर पोरगी उद्या नांदाया जाईल, आक्का," तो म्हणाला. "तुमच्या म्होरं कोन बोलत न्हाय."

आक्कांनी रुपया हातात घेतला आणि तडक कानामागचा खड्डा बघितला. त्यांचा चेहरा लाल झाला. फरशीवर टाकला तर खणखणीत वाजला. कड बघितली, ती सरळ. जिभेला लावला, ठीक. पुळी एकही नाही. नाणं मात्र लख्ख उजळलेलं होतं, आणि जुना रुपया इतका कोरा असतो कुठं? आक्कांनी ओसरीवर बसलेल्या सगळ्यांवरून नजर फिरवली. चांदीवाले मान खाली घालून पानाच्या शिरा काढत होते.

"शिकला," आक्का म्हणाल्या. "माजं ऐकून ऐकून मुडदा समदं शिकला. पर खड्डा बुजवाया इसरला. सुळ्ळु!"

"आक्का, आज्याच्या येळचा हाय ओ त्यो," मुलगी कळवळून म्हणाली. बाप उठून पुढे आला. पण छिन्नी टेकलेली होती. इतक्या दिवसांचा राग त्या घावात होता, त्यामुळे रुपया नुसता चिरला नाही, त्याचे दोन तुकडे होऊन एक माझ्या पायाशी येऊन पडला.

आक्कांनी एक तुकडा उचलून उजेडात धरला. चिरलेली बाजू बघितली. तिच्यावर बोट फिरवलं. जिभेला लावली. पुन्हा बघितली. मी आता त्यांच्या व्याख्यानाची वाट बघत होते, आणि आक्का काहीच बोलेनात. बोलत नाहीत म्हणजे काय, हे माझ्या डोक्यात शिरलं आणि मी पायाजवळचा तुकडा उचलला. आत एकही भोक नव्हतं. ओल्या खोबऱ्यासारखा घट्ट, पांढरा.

ज्या आईला शोधत आक्का गावोगाव हिंडल्या, ती आपल्या पायांनी चालत ओसरीवर आली होती आणि आक्कांनी तिचेच दोन तुकडे केले होते. आईच्या कानामागं खड्डा असणारच, हे मला समजावून सांगणारी बाई ती!

आक्कांनी खालच्या आवाजात विचारलं, "लग्नाआदी ह्यो कुनाकडं दिला हुता?"

"उजळाया दिला हुता की," शेतकरी म्हणाला. आणि अगदी भाबडेपणानं त्यानं हात केला. "ह्येंच्याकडंच. ह्ये काय, हितंच बसल्यात न्हवं."

चांदीवाले उठले. मांडीवरची पानं ओसरीभर झाली. कुणी काही म्हणायच्या आत तो अदबीचा माणूस चपला तिथंच टाकून अनवाणी रस्त्याला लागला. त्याच रात्री त्याच्या बंद दुकानात पोलिसांना मातीचे साचे मिळाले, तो स्वतः कर्नाटकात कुठेतरी निघून गेला होता. आपली छिन्नी इतके दिवस त्याच्याकडून धार लावून येत होती, याचा आक्कांना जो धक्का बसला तो बोलून दाखवायलाही त्यांना सवड नव्हती. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्या मला म्हणाल्या, "रजा टाक. मोडनिंबला जायाचंय. माज्या तोंडून एकट्यानं निघायचं न्हाय."

बाप, लेक, आक्का आणि मी अशी एसटीनं निघालो. आक्कांच्या पिशवीत छिन्नी-हातोडी होती. शेतकरी काल चांदीवाल्याकडं हात दाखवल्यापासून एक अक्षर बोलला नव्हता. रडला नाही, भांडला नाही, पागोटं मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसला होता. त्यापेक्षा त्यानं आक्कांना शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मोडनिंबचं घर हमरस्त्यालगत होतं, पुढे पेंडीचं दुकान, मागे राहणं. सासू दारातच उभी राहिली. आक्कांनी काही आडपडदा न ठेवता सांगितलं, "रुपया खरा हुता. चूक माजी हाय. म्या चिरला." दोन्ही तुकडे तिच्या हातावर ठेवले. साच्यांची हकिकतही सांगितली. आक्कांच्या तोंडून 'चूक' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

सासू वाईट बाई नव्हती. तिनं तुकडे उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाली, "आक्का, तुमी मोठ्या. तुमचं मी ऐकीन की. पर गावाला काय दावू? तुमचा घाव पडला म्हंजी खोटा, ह्ये तुमीच जगाला शिकिवलंय. आता तुमी म्हनताय खरा, आन् घाव म्हनतोय खोटा. लोक घावाचं ऐकनार."

दुकानात आलेली माणसं पायरीशी जमली होती. एकदोघांनी माना डोलावल्या.

मग आक्कांनी खाली बसून पदराआड हात घातला आणि गळ्यातून एक काळा गोफ ओढून काढला. त्यात राणीछाप रुपये ओवलेले होते. इतकी वर्षं मी त्या घरात राहिले, पण तो गोफ मला माहीत नव्हता. "माज्या आईनं लग्नात घातल्यालं," त्या म्हणाल्या. गोफ तोडला. पहिला रुपया दगडी पायरीवर टाकला. "ऐका समद्यांनी. खरा हाय का खोटा?"

तो असा वाजला की रस्त्यापलीकडच्या माणसानं वळून बघितलं. "खरा," कुणीतरी म्हणालं.

आक्कांनी त्याच्यावर छिन्नी ठेवली आणि राणीचा गाल चिरला.

माझ्या तोंडून "आक्का!" एवढंच निघालं. दुसरा वाजवला, चिरला. तिसरा. लोक प्रत्येक घावाला दचकत होते. प्रत्येक वेळी त्या आधी वाजवून दाखवत, विचारत, उत्तर येईपर्यंत थांबत आणि मगच घाव घालत. "आवं, काय करताय, आयचं लेनं हाय ना त्ये!" सासू त्यांचा हात धरायला पुढे आली. त्याच वेळी छिन्नी सटकली आणि आक्कांच्या अंगठ्यातून रक्त आलं. त्यांनी ते लुगड्याला पुसलं आणि राहिलेला रुपया पायरीवर ठेवला. तोही चिरून झाला तेव्हा त्यांनी वर बघितलं.

"ह्ये समदे खरे. समद्यांवर माजा घाव हाय. आता आक्काचा घाव म्हंजी खोटा, असं कोन म्हनतंय त्येनं म्होरं यावं."

पुढे कोण येणार? मी त्या पायरीकडे बघत उभी होते. या बाईनं आयुष्यभराची पत सगळ्यांसमोर, आपल्या हातानं मोडून ठेवली होती. यापुढे तिच्या निकालाला बाजारात काही अर्थ उरणार नव्हता, आणि हे तिथे सगळ्यांत जास्त तिलाच कळत होतं.

सासूनं डोळ्यांना पदर लावला. मग सुनेकडे वळून म्हणाली, "चल, आत ये. चुलीवर च्याचं आधण ठेव."

मुलगी उंबऱ्याशी आली आणि तिथंच थांबली. "आदी माज्या बापाला म्हना," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण पाय हलला नाही. "त्येला खोटा म्हनला तुमी. भर गावात म्हनला."

नवी सून सासूला असं म्हणते, हे ऐकून दुकानातली माणसंसुद्धा चपापली. सासू मग पायरी उतरली, शेतकऱ्यापुढे आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "याही, चुकलं आमचं. तुमी खरं."

तो माणूस तिच्याकडे बघून नुसता हात जोडून उभा राहिला. मग वाकून त्यानं आपल्या पागोट्याचं टोक टर्रकन फाडलं, आक्कांच्या पुढ्यात पायरीवर बसला आणि त्यांचा अंगठा हातात घेतला. कालपासूनचं त्याचं पहिलं बोलणं ते.

"आक्का, लई लागलं की तुमाला," तो म्हणाला.

आक्का तिथंच, त्या पायरीवर, लहान पोरीसारख्या रडल्या.